सारवलेली खोली

मलकापूर, १२ मार्च १९७६

पाटणे मास्तरांनी आज आमची भाड्याची खोली सोडली. सात वर्षं कोर्टात भांडलो. एकाच आडावर पाणी भरायचो, पण बोलणं बंद. आज निकालाप्रमाणे त्यांनी किल्ली हातात दिली. वाटलं होतं, या दिवशी पेढे वाटीन. काहीच वाटलं नाही.

जाताना त्यांच्या बायकोनं खोली सारवली. हरलेल्या माणसानं कशाला सारवायची? मी आत जायला निघालो, तर म्हणाली, "आवं दादा, वली हाय. वाळल्याबिगर पाय ठिवू नगा." सात वर्षांतलं पहिलं बोलणं.

आमच्या मुलाच्या, सुभाषच्या संसाराला खोली हवी म्हणून दावा लावला होता. तो चौथ्या वर्षीच पुण्याला नोकरीला लागला, तिथंच बिऱ्हाड केलं. ते मी कोर्टात सांगितलंच नाही. का? हट्ट, दुसरं काय. मास्तरांना कळलं असेल का? बाईला?

हिला विचारलं, "आता खोलीचं काय करायचं?" ही म्हणाली, "तुमालाच हवी हुती. तुमीच ऱ्हावा."

संध्याकाळी परत गेलो. जमीन केव्हाच वाळली होती. वहाणा काढून उंबऱ्याशी उभा राहिलो. मग बाहेरूनच कुलूप लावलं.