युरेनियम, मुक्काम ओतूर

२ फेब्रुवारी २०२५, रविवार
कॉलेजची सहल, घाटघर. कोरड्या ओढ्यात जाड खपली सापडली. रंग शेंदरी, वजन मरणाचं. युरेनियम ट्रायऑक्साइड! इतकी वर्षं केमिस्ट्री शिकवतोय, मला कळणार नाही? सह्याद्रीत युरेनियम नाही म्हणतात. शोधलंय कुणी? खपली उचलताच मोबाइलची रेंज गेली. (तिथे रेंज नसतेच. पण तरी.)

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
मागच्या खोलीत शेगडीवर तापवली. ट्रायऑक्साइड तापलं की ऑक्सिजन सोडतं, काळं पडतं. पडलं! करपलेल्या तेलाचा वास आला. पुस्तकात हा वास नाही. म्हणजे हाही माझाच शोध. कडेला पिवळं झालं. यलोकेक, युरेनियमची पिवळी भुकटी!!

४ फेब्रुवारी
डोकं ठणकतंय, मळमळ. रेडिएशन. घरच्यांसाठी मागच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं. दाराबाहेर खडूची रेघ. रत्ना कडाडली, रविवारी लेकीचा साखरपुडा आणि हे काय थेर? म्हटलं, तोवर मुंबईहून शास्त्रज्ञ येतील. ईमेल केलाय.

६ फेब्रुवारी
उत्तर नाही. स्पॅममध्येही नाही. वरण गार. समृद्धी रेघेपलीकडून म्हणाली, पप्पा, अंगठी आणायला तुम्ही येणार होतात ना. कडीपर्यंत हात गेला. पण विज्ञान म्हणजे विज्ञान.

८ फेब्रुवारी
रत्नाने आज खिडकीतून खपली पाहिली. कपाळावर हात मारला. तिचं माहेर घाटघर. म्हणाली, अवो, हे आमच्या देवाचं कवच. तेल-शेंदराचे थर चढून चढून देवानं अंगावरनं सोडलं, म्हणून गावानं ओढ्यात सोडलं व्हतं.
शेंदूर. म्हणजे शिशाचं ऑक्साइड. तेही मीच शिकवतो. त्याचाच धूर घेतला. सोमवारी रक्त तपासायचं. उद्या पहाटे आंघोळ करून गुपचूप बाहेर. विषय संपला.

९ फेब्रुवारी, रविवार
उठायला उशीर. पाहुणे आधीच अंगणात. व्याही रखमाजी, तळेघरचे, देवभोळे. सर कुठं, विचारलं. रत्ना गडबडली, म्हणाली, देवाचं कवच घेऊन अनुष्ठानाला बसलेत. रखमाजींनी रेघ पाहून चपला काढल्या. म्हणाले, लई भाग्य आमचं, मधी उठवू नका, पाप लागंल.
मी कडी काढली होती. परत लावली. आता बाहेर पडलो तर रत्ना खोटी पडते, सोयरीक मोडते.
अंगठ्या अंगणात घातल्या. टाळ्या ऐकल्या. मग समृद्धी दाराशी आली, पप्पा, पाया पडते म्हणाली. मी आतून हात वर केला. बंद दारातून तिला काय दिसणार? मला रडू आवरेना. हुंदका बाहेर गेला.
रखमाजी सगळ्यांना म्हणाले, हात जोडा, सरांना देव भेटला.