खाऱ्या पाण्यातली घागर

पारोळा, १२ मार्च १९९७

चि. अभिमन यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोटो पोहोचला. पाठीवरची हवेची टाकी बघून शेजारच्या पुष्पाबाई म्हणाल्या, तुझा भाऊ समुद्रात कपाशी फवारायला गेला वाटतं! आम्ही अजून हसतोय.

आता मनातलं. तुझ्या दाजींचं जहाज बुडाल्याला दुसरं वर्ष सरत आलं. येत्या अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, त्यांच्या नावानं पाण्याची घागर भर, असं सासूबाई रोज सांगतात. चोमेर खारं पानी शे, त्याले तीस लागनी व्हई, म्हणतात. लेकाच्या तहानेचा घोर लागलाय त्यांना. पण घागर भरतात ती गेलेल्या माणसाची. ह्यांचा देह तर कुणी पाहिला नाही. एखाद्या बेटाला लागले असतील, असं मला अजून वाटतं.

तू त्यांच्या शोधात अंदमानात गेलास आणि तिथंच पाण्याखाली उतरायला शिकलास. पर्यटकांना ते जहाज दाखवतोस, तसा एकदा माझ्यासाठी उतर. ते रांधायचे ती खोली बघ. दिसेल ते लिही, झाकू नकोस.

पत्राच्या वाटेवर डोळे लावून बसलेली,
कमलअक्का

पोर्ट ब्लेअर, ६ एप्रिल

ती. अक्कास सा. न. वि. वि.

उतरलो. जहाज वाळूत कुशीवर पडलंय. कठड्यांवर प्रवाळ चढलंय, खिडक्यांतून पिवळे मासे ये-जा करतात. रांधायच्या खोलीत तू दिलेला पाटा आहे. यंत्रावरचा मसाला दाजींना चालायचा नाही, म्हणून केवढं ओझं नेलं होतं! वरवंटा कोपऱ्यात गडगडलाय.

अक्का, झाकू नको म्हणालीस. तरंगायचं जाकीट खुंटीलाच होतं, त्यांच्या नावाचं. पट्ट्याला ओढ देत वर जाऊ बघत होतं. दाजींना पोहता येत नव्हतं.

पाटा काढून पाठवू का?

रागावू नकोस, माया आहे तशी ठेव.
अभिमन

पारोळा, १७ एप्रिल

चि. अभिमनास आशीर्वाद.

पत्र वाचलं. पाटा काढू नकोस. तो त्यांच्यापाशी असू दे. इथं मी तो कुणासाठी मांडू?

आपल्या विहिरीच्या पाण्याची बाटली कापसात गुंडाळून पाठवतेय. टपालातला माणूस म्हणाला, अंदमानात पाणी मिळत नाही का, बाई? म्हटलं, हे नाही मिळत. आखाजीला ती पाट्याजवळ उघड. इथली घागर सासूबाई भरतील. माझा हात पुढं होत नाही.

अक्का

पोर्ट ब्लेअर, आखाजी

ती. अक्कास नमस्कार.

उघडली. वाटलं होतं, खाऱ्यात मिसळून दिसणारही नाही. पण गोडं पाणी हलकं, ते वर चढू लागलं. वैशाखात धुळ्याच्या रस्त्यावर ऊन थरथरतं ना, तसं. छताशी जरा थांबलं, मग फुटक्या खिडकीतून बाहेर गेलं. माझे डोळे चष्म्याच्या आत भरले. खाली ते पुसता येत नाहीत.

तुझा,
अभिमन

पारोळा, २२ मे

चि. अभिमनास अक्काचे आशीर्वाद.

घागर मीच भरली. सासूबाईंनी तांब्या उचलला आणि कशी कोण जाणे, मी पुढं झाले. वर खरबूज ठेवलं. सांजोऱ्या केल्या, त्यांना आवडायच्या तशा, कडेला जरा करपलेल्या. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

तुझं पत्र आल्यापासून मात्र एक झालंय. दुपारी रस्त्यावर ऊन थरथरायला लागलं, की मी दार लोटून घेत नाही. झळा लागतील, म्हणून पुष्पाबाई ओरडतात. मी उंबऱ्यात उभीच राहते.

तू जपून उतर, आणि वर येत जा.
तुझी अक्का