मिस्त्रीणबाईंची परीक्षा

४ मार्च

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेला चष्मा पोचला आणि यांच्या नाकावर असा बसला, की जणू जन्मापासून तिथेच होता. भावाचं नाक समोर नसताना एवढ्या लांबून तुम्ही माप कसं काढलंत, ते तुमचं तुम्हालाच ठाऊक. चष्मा लावून हे गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि रस्ता बघतात. दुपारी ऊन आत सरकलं की फरशीवर सांडलेल्या तेलात रंग उमटतात. मग रस्ता सोडून ते रंग बघत बसतात. त्यांना त्रास काही नाही. फक्त शब्द हरवतात आणि कधी कधी दिवस.

एक बातमी आहे. परवान्याच्या तपासणीला साहेब आले होते. गाड्यांचे ब्रेक तपासून दाखला देण्याचा परवाना यांच्या नावावर, म्हणून साहेबांनी सहज यांनाच दोन-चार गोष्टी विचारल्या. हे हसून म्हणाले, की गाड्या आत्ता झोपल्यात, थोड्या वेळाने या. साहेब भला माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाले, की कुशल तंत्रज्ञाची परीक्षा पास झालेलं कुणीतरी गॅरेजात पाहिजे, नाहीतर पावसाळ्याच्या आत परवाना जाईल. दाखल्याचं काम गेलं तर उरतं काय, पंक्चर आणि हवा. तेव्हा मीच परीक्षेला नाव दिलंय. या वयात. हसा तुम्ही.

ब्रेक, क्लच, सस्पेन्शन मला येतं. इतकी वर्षं यांच्या शेजारी हात काळे केलेत. पण वीज म्हटली की माझी बोबडी वळते. ते काम कायम यांचं. काल मी यांना विचारलं, की बॅटरी मीटरवर चांगली भरलेली दिसते, तरी किल्ली फिरवल्यावर स्टार्टर नुसता टक् करून गप्प बसतो, तर बघायचं कुठे. हे बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, की मागच्या नळाला विचार. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. आमच्याकडे मागे नळ नाही. तुम्हाला काही उमगतंय का?

गुडघा कसा आहे? बरा असेल तर एकदा इकडे येऊन जा. लोभ आहे तसाच घट्ट असावा, सैल पडू देऊ नये.

तुमची,
भावजय

१३ मार्च

चि. मिस्त्रीणबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हसले, पण तू समजतेस तसं नाही. कौतुकानं हसले. माझ्याकडे डोळे तपासायला येणारी माणसं तक्त्यावरची अक्षरं पाठ करून येतात आणि दिसत नसताना घडाघडा म्हणतात. तू तसलं काही करणार नाहीस, याची मला खात्री आहे. धाकट्यानं तुला पाठ करायला कधी शिकवलंच नसेल. त्याला स्वतःलाच पाढे येत नव्हते.

तुझ्या नळाचं सांगते. तो नळ तुमच्याकडचा नव्हे, आमच्या जुन्या घराचा. मागच्या अंगणात होता. तोटी बंद असली की पाइप हाताला तट्ट भरलेला लागायचा, आणि तोटी उघडली की करंगळीएवढी धार. बाबा पाइप ठोकून बघायचे आणि म्हणायचे, की पाणी भरपूर आहे, तुमचाच धीर कमी. धाकट्यानं एके दिवशी मला तोटी उघडी धरून उभं केलं आणि स्वतः टाकीपासून एकेका सांध्याला कान लावत निघाला. म्हणाला, की बंद नळ खोटं बोलतो, वाहत असतानाच ऐकायचं. एका वळणाशी त्याला आवाज बदललेला लागला. तिथे पाइप उघडला, तर आत क्षारांनी भोक बुजत आलेलं. घरभर त्याचं कौतुक झालं. मी तोवर गुडघ्यापर्यंत भिजून सर्दी ओढवून घेतली होती, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

याचा विजेशी काय संबंध, ते तुझं तू बघ. बल्ब बदलायलासुद्धा मी माणूस बोलावते.

गुडघा ठीक. तू ये ये म्हणतेस, पण दुकानात सध्या फार काम आहे. धाकट्याला माझा आशीर्वाद सांग, आणि कुणाचा म्हणून विचारलं तर नुसताच दे. तुझी माया माझ्यावर आहे तशी राहो.

तुझी नणंद

२८ मार्च

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि हातातला पाना तसाच हातात राहिला. संबंध आहे, वन्सं, अगदी सख्खा संबंध आहे. गाडी बंद असताना मीटर लावला तर सगळीकडे वीज भरलेली दिसणार. पण कुणीतरी किल्ली फिरवून धरायची, म्हणजे वीज वाहायला लागते, आणि तेव्हा एकेका सांध्यावर मीटर लावत जायचं. ज्या सांध्यावर वीज खर्च होताना दिसेल, तिथेच गंज किंवा सैल बोल्ट. पुस्तकात यावर तीन पानं आहेत. ती मी कितीदा वाचली होती, डोक्यात काही शिरत नव्हतं. तुमच्या भिजलेल्या पायांनी काम केलं.

आता मी सगळंच यांना विचारते. सकाळी चहाच्या वेळी यांचा चेहरा स्वच्छ असतो. गाडी एका बाजूला ओढते, तर आधी काय बघायचं, असं विचारलं. म्हणाले, की ताईची चाल. आणि मिटल्या ओठांनी हसले. आणखी एक आहे. इंजिन गरम झाल्यावर थरथरायला लागतं, त्याचं उत्तर पांढरी सायकल. तेवढंच. दोन्हींचा उलगडा करून पाठवा.

दुपारी हे दुरुस्तीला आलेल्या एखाद्या गाडीत जाऊन बसतात. स्टिअरिंगवर हात, काच खाली. गाडी जॅकवर उचललेली असते, चाकं काढून भिंतीला टेकवलेली, आणि हे कुठेतरी चाललेले असतात. वळणावर अंग किंचित कलतं. मी मधून मधून विचारते, की कुठवर आलो. सांगतात, की पूल गेला, आता झाडं लागतील. परवा मीही शेजारच्या सीटवर बसले पुस्तक घेऊन आणि डोळा लागला. स्वप्नात खरंच झाडं लागली. जाग आली तर यांनी माझ्या अंगावर गाडी पुसायचं फडकं पांघरलं होतं.

तुम्ही या ना. यांचा हात हातात घेऊन बसा थोडा वेळ. लोभाला गळती लागू देऊ नये.

तुमची,
भावजय

७ एप्रिल

चि. मिस्त्रीणबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ताईच्या चालीबद्दल त्याला समज द्यायला हवी. लहानपणी मी जराशी वाकडी चालायचे. आईनं वैद्याला दाखवलं, पाठीला तेल चोळलं, मला भिंतीला पाठ लावून उभं केलं. धाकटा माझ्यामागून शाळेत यायचा. त्यानं एकदा माझ्या चपला उलट्या करून आईपुढे ठेवल्या. एका चपलेचा तळ एकीकडून पार झिजलेला. नवी चप्पल आली आणि पाठ सरळ झाली. तेव्हा गाडी ओढत असली तर आधी टायर बघ, असं त्याला म्हणायचं असावं. मला गाडीच्या पंगतीला बसवलं, याचा राग मी नंतर काढीन.

पांढरी सायकल मात्र मला सापडत नाही. खूप आठवून पाहिलं. आमच्याकडे सायकल होती ती काळी. शेजाऱ्यांकडे नव्हतीच. त्याच्या आयुष्यात माझ्या माघारी कधीतरी ती आली असेल. माझ्या नजरेतून सुटलेलं त्याचं काहीतरी असणारच की, पण लिहिताना जरा टोचलं.

तू बोलावतेस आणि मी कामाचं निमित्त सांगते. दुकानात काम नाही, मिस्त्रीणबाई. काचा पुसून पुसून झिजायला आल्या. मी आले आणि त्यानं मला ओळखलं नाही, तर मी काय करू? पत्रांतून मी अजून त्याची ताई आहे. तळ झिजलेल्या चपलेची, वाकड्या चालीची, पण आहे. दारात उभी राहिले आणि त्यानं परक्यासारखं बघितलं तर तेही जाईल. एवढं तुलाच लिहिते. रागावू नकोस.

परीक्षेला जाताना पोटभर खाऊन जा. माया पातळ करू नकोस.

तुझी नणंद

३० एप्रिल

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

रागावले नाही. तुमचं पत्र उशीखाली ठेवलंय.

परीक्षा झाली. लेखी पेपर बरा गेला. प्रात्यक्षिकाच्या शेडमध्ये गाड्या बॉनेट उघडून ओळीनं उभ्या होत्या, दातांच्या डॉक्टरकडे आ करून बसल्यासारख्या. परीक्षक एक बाई होत्या, आखूड केसांच्या, खिशाला टॉर्च लावलेल्या. त्या कशालाच बरं-वाईट म्हणत नव्हत्या. माझ्या वाट्याला आलेली गाडी सुरू होत नव्हती. किल्ली फिरवली की टक्, आणि मग शांतता. वन्सं, माझ्या छातीतही तसंच झालं. बॅटरी भरलेली होती. मी परीक्षकबाईंनाच किल्ली फिरवून धरायला सांगितलं. त्यांनी विचारलं, की कशासाठी. माझ्या तोंडून निघून गेलं, की नळ उघडा ठेवायचाय. त्यांनी टॉर्च माझ्या तोंडावर मारला नाही एवढंच. मग मी नीट समजावून सांगितलं आणि त्यांनी किल्ली धरली. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत सगळं ठीक. दुसरी जाड तार, जी गाडीच्या बॉडीला बसवतात, तिच्या बोल्टवर मीटरचा काटा उठला. बोल्टखाली कुणीतरी रंग लावून ठेवला होता. खरवडला, आवळला, गाडी सुरू झाली. शेडमध्ये तो आवाज घुमला तेव्हा मला हे जवळ असल्यासारखं वाटलं.

तोंडी परीक्षेत हवा मोजणाऱ्या सेन्सरबद्दल विचारलं, ते मला येत नव्हतं. येत नाही म्हणाले, आणि अंदाजानं सुटा भाग बदलण्याऐवजी कंपनीचं पुस्तक बघीन म्हणाले. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. चेहऱ्यावरून समजेना.

तेवढा दिवस हे शेजारच्या सीटकव्हरवाल्या मावशींकडे बसले होते. मी परत आले तेव्हा उठून उभे राहिले, हात जोडले आणि विचारलं, की गाडी कुठली आणलीत. मी म्हटलं, चालत आले. म्हणाले, की मग पाणी घ्या, उन्हाचं चालत आलात. मी पाणी प्याले. काही वेळानं मला नावानं हाक मारली आणि भूक लागली म्हणाले. तुम्हाला ज्याची भीती वाटते ते मला झालं, म्हणून लिहिते. पण पाणी त्यांनी आपल्या हातानं भरून दिलं होतं, आणि ते गार होतं.

लोभाची वाट बघत,
तुमची भावजय

२२ मे

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

पास झाले. लेखीत जेमतेम, प्रात्यक्षिकात भरभक्कम. परवाना आता माझ्या नावावर होईल. मावशींनी गल्लीभर सांगितलं, त्यामुळे दोन दिवस माणसं नुसती माझ्याकडे बघून जायला येत होती.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. परवा सकाळी मी कामाचे कपडे घालून हत्यारं मांडत होते. हे आतून आले. धुतलेला शर्ट, केस विंचरलेले. मला म्हणाले, की तुम्ही कामासाठी आलात ना. मी हातातला पाना खाली ठेवला आणि हो म्हटलं. त्यांनी मला स्टूल दिलं, स्वतः टायरच्या चळतीवर बसले आणि माझी परीक्षा घेतली.

वन्सं, किती महिन्यांनी शब्द असे ओळीनं आले. विचारलं, की गरम इंजिनच्या रेडिएटरचं झाकण उघडाल का. म्हटलं, नाही, गार होईतो थांबेन. ब्रेकमधली हवा काढल्यावर आधी काय कराल. म्हटलं, उभ्या गाडीतच पेडल दाबून बघीन, मगच हलवीन. मग विचारलं, की गिऱ्हाईक म्हणतंय आवाज येतो आणि तुम्हाला येत नाही, तर काय. म्हटलं, त्यालाच चालवू देईन आणि शेजारी बसेन. मान डोलावली. शेवटी विचारलं, की दोष सापडलाच नाही तर. मी म्हटलं, सापडला नाही असं सांगेन. बाहेर कुणीतरी पाण्यानं गाडी धूत होतं, त्याचा उजेड छतावर हलत होता. मग म्हणाले, की उद्यापासून या.

उठता उठता म्हणाले, की बरं झालं तुम्ही आलात, बायको एकटीच राबते, मला दिसतं पण सांगता येत नाही. आता तिला दुपारी जरा पाठ टेकता येईल. मी विचारलं, की मग मी कुठलं काम करू. म्हणाले, की सगळं करा, फक्त ब्रेकला हात लावू नका. ब्रेक ती करते. तिच्यासारखे ब्रेक कुणी करत नाही.

मी टायरच्या चळतीमागे जाऊन थोडा वेळ उभी राहिले. मग काम सुरू केलं.

लोभ आहे, हे आता विचारायला नको. तरी विचारते.

तुमची,
भावजय

२७ मे

चि. मिस्त्रीणबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात उभ्यानं वाचलं. एक गिऱ्हाईक तक्त्यासमोर एक डोळा झाकून बसलं होतं, त्याला तसंच बसवून पुन्हा वाचलं.

सोमवारच्या सकाळच्या गाडीनं येते. त्याला आधी काही सांगू नकोस. मी कोण म्हणून त्यानं विचारलं, तर मी नाव सांगणार नाही आणि रडणारही नाही, असं ठरवलंय. दुसऱ्याची खात्री देत नाही. तो स्टूल देईल त्यावर बसेन आणि विचारील त्याची उत्तरं देईन. गाड्यांतलं मला काही कळत नाही. पण येत नसेल ते येत नाही म्हणावं, हे तुझ्याकडून शिकले.

त्यानं पास केलं तर राहीन. नापास केलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसेन.

स्टेशनवर येऊ नकोस, तुझं काम असेल. माया आहे, ती मी बरोबर घेऊन येते.

तुझी नणंद