जखमेभोवतीची रेघ

बाई, परवा माझ्या घोट्यावरची जखम मोजायला आलेल्या नर्सने रेघ मुद्दाम थोडी आतून काढली, आणि तुम्हीच डोळ्यांसमोर उभ्या राहिलात. बिबवेवाडीच्या दवाखान्यात मी नवखी नर्स होते, तुम्ही मुख्य सिस्टर. मार्केट यार्डात दिवसभर उभ्याने पालेभाजी विकणाऱ्या त्या मावशी आठवतात? फुगलेल्या शिरांमुळे पायाला झालेली नऊ वर्षांची जखम. लेकीचं पहिलं बाळंतपण जवळ आलेलं, आणि सासरचे म्हणत होते, जखमेचा असला वास येणाऱ्या घरात सून धाडणार नाही. "सिस्टर, पायाचं राहू द्या, पोरगी तेवढी माहेरी येऊ द्या," एवढंच मावशींचं मागणं.

तुम्ही आधी पावलाची नाडी बघायचात, मगच दाबाची पट्टी. मी पहिल्यांदा बांधली ती पोटरीला घट्ट आणि घोट्याशी सैल. "वा! आता सगळं पाणी खालीच मुक्कामाला राहील," म्हणालात आणि सोडायला लावलीत. घोट्याशी घट्ट, वर जाताना सैल. हात आजही तसेच चालतात. दर सोमवारी जखमेवर पारदर्शक कागद ठेवून कडेने रेघ ओढायची आणि मागच्या आठवड्याच्या कागदाशी ताडून बघायची. सहा आठवडे रेघेवर रेघ, जखम तेवढीच. मावशींचा चेहरा बघवेना, म्हणून सातव्या सोमवारी मी रेघ जराशी आतून काढली. मावशी हरखल्या. तुम्ही कागद उजेडात धरलात, माझ्याकडे पाहिलंत. "जखमेला घाई नाही, तुला आहे. पुढची रेघ मी काढेन."

पुढच्या सोमवारी तुमची खरी रेघ माझ्या खोट्या रेघेच्याही आत आली! कडेने सायीसारखी पातळ, गुलाबी कातडी धरली होती. नऊ वर्षं रुसलेली कातडी आपल्या पायांनी परत येत होती. मी थक्क झाले, आणि बाई, तुम्हीसुद्धा. पेन कितीतरी वेळ तुमच्या हातातच राहिलं. लेक माहेरी आली तेव्हा जखम मेथीच्या दाण्याएवढी उरली होती.

आता जन्मभर उभा राहिलेला माझाच पाय. तीन महिने जखम आहे तेवढीच आहे. परवाच्या त्या नर्सची लबाडी मला तिथेच कळली, रागवायला तोंडही उघडलं. हे पत्र कुठे धाडायचं नाही म्हणून सांगते: रागवायचं सोडून मी तिच्याकडून कागद मागून घेतला. खोटा आहे हे ठाऊक असूनही तो कागद मी दिवसभर उशाशी ठेवला.