पस्तीस अंशांचा समुद्र

तीर्थरूप ताईस,

गुडघे परवानगी देतील तितकं वाकून नमस्कार. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे तुझ्या चिरंजीवांकडून कळलं आणि जीव भांड्यात पडला. महिनाभर एक अक्षरही वाचायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय म्हणे. तेवढं मात्र पाळ. आमची भिंगरी सुट्टीला तुझ्याकडे आहे, तिने घर डोक्यावर घेतलं नसेल अशी आशा करतो. मी ठीक आहे. (ठीक नाही, पण ते पुढे येईलच.) फोन करणार होतो, पण तुझ्याकडे फोन उचलते तीच, म्हणून हे पत्र. चिरंजीव उद्या तुझ्याकडे निघताहेत, त्यांच्या हाती देतो. यातलं अवाक्षरही माझ्या नातीच्या कानावर जाता कामा नये.

विषय भिंगरीच्या समुद्राचा आहे. आमच्या बैठकीच्या खोलीत तिची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. तीत दोन नारिंगी मासे आणि एक पोवळं. पोवळं म्हणजे अंगठीतला लाल खडा, अशी माझी सत्तर वर्षं समजूत. हे तर जिवंत निघालं! नखाएवढा तुकडा आणून पोरीने दोन वर्षांत मुठीएवढा केला. दिवसभर हिरवट बोटं बाहेर काढून ते डुलत असतं. पाणी तापलं की बोटं मिटतं, फारच तापलं तर पांढरं पडतं आणि संपतं. मुलगा आणि सून आठ दिवस परगावी, तेव्हा निघताना नातीने माझ्या नाकासमोर कागद धरला. "आबा, कविता नंतर. आधी हे पाठ करा. तापमान सव्वीसच्या वर नको. मीठ पस्तीस हवं. बाकी कशाला हात लावायचा नाही." मी पाठ केलं. चालीवरही बसवलं.

टाकीशेजारी अगदी जुळ्या बहिणींसारख्या दोन डब्या आहेत. दोघींवर आकडे उमटतात, आणि एकीवर 'तापमान', दुसरीवर 'मीठ' अशा चिठ्ठ्या आहेत. (पहिल्याच दिवशी ओल्या फडक्याने धूळ पुसताना दोन्ही चिठ्ठ्या माझ्या हातात आल्या. मी लगेच खळ लावून परत चिकटवल्या, अगदी सरळ रेषेत. तू मला जन्मभर धांदरट म्हणत आलीस, म्हणून मुद्दाम कळवतो.) त्यानंतर सहज पाहतो तर काय, तापमान पस्तीस! आणि मीठ पंचवीस! धूळ पुसेपर्यंत समुद्र तापला काय आणि अळणी झाला काय, माझी मतीच गुंग झाली. बाहेर उन्हाने रस्त्याचं डांबर चपलांना चिकटत होतं, त्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती.

मी पडदे ओढले. टेबलफॅन स्टुलावर चढवून पाण्यावर सोडला. फ्रीजरमधले मटार बाहेर काढून तिथे पाण्याच्या बाटल्या गोठवल्या आणि त्या टाकीत तरंगत ठेवल्या. (मटारांचं पुढे काय झालं ते सुनेला विचारू नकोस.) टाकीत लाल दिवा लागलेला एक दांडा सापडला, तो म्हणे पाणी तापवतो! भर उन्हाळ्यात! मी तत्काळ त्याची वायर उपटली. मग पंख्याच्या वाऱ्यात जरा टेकलो. ताई, गुरुजी डस्टरने टेबलावर ताल धरून समुद्राची कविता शिकवायचे, आठवतं? तीत लाटा होत्या, शिंपले होते, नाखवा होता. तापमानाचा कुठे उल्लेखसुद्धा नव्हता. मी डोळे मिटून ती माशांना सबंध म्हणून दाखवली, दोन कडवी तर दोनदा. डोळे उघडले तेव्हा बर्फ वितळला होता, पाणी दोन बोटं खाली गेलं होतं (तापून वाफ होत होती, दुसरं काय!) आणि तापमान छत्तीस.

जितका गारवा करावा तितका आकडा चढतो! उलट मीठ रोज उतरतंय: चोवीस, तेवीस, बावीस. शेवटी टाकीखालच्या डब्यातलं मीठ दोन वाट्या भरून ओतलं. मीठ बावीसवरून हललं नाही, तापमान मात्र एकदम अडतीस! तू आयुष्यभर शास्त्र शिकवलंस, म्हणून विचारतो: मीठ घातलं की पाणी तापतं, असा काही नियम आहे का? असल्यास तो शिकवला त्या दिवशी मी खिडकीबाहेर पाहत असणार. आज सकाळी पोवळ्याने शेवटचं बोटही आत घेतलं. पोरीला काय तोंड दाखवू, मला समजत नाही.

तुझा गोंधळलेला धाकटा भाऊ

ता. क. : टाक्यांचं सामान विकणाऱ्या बाईंना पाणी गार करायचं यंत्र घेऊन बोलावलं होतं. त्यांनी पाण्यात बोट घातलं, डब्या पाहिल्या, मला पाहिलं. "काका, या चिठ्ठ्या कोणी लावल्या?" ताई, पस्तीस हे मीठ होतं. पंचवीस हे तापमान होतं. सगळं जिथल्या तिथे होतं! पंख्याच्या वाऱ्याने पाणी आटवून आणि वाट्या ओतून मी मीठ वाढवलं आणि त्या बिचाऱ्या पोवळ्याला चार दिवस थंडीत कुडकुडत ठेवलं. बाईंनी दांडा पुन्हा लावून दिला. "आता गोडं पाणी थोडं थोडं घाला. घाई केलीत तर मरेल," असं सांगून यंत्र घेऊन परत गेल्या.

ता. क. दुसरा : खरं काम हे, की भिंगरी परवा यायची आहे. तिला आणखी चार दिवस ठेवून घे. डोळ्याचं निमित्त सांग, काहीही सांग.

ता. क. तिसरा (दुसऱ्या दिवशी) : चिरंजीव खाली हॉर्न वाजवताहेत आणि आत्ता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुला वाचायची मनाई. म्हणजे हे पत्र तुला भिंगरीच मोठ्याने वाचून दाखवत असणार. पुन्हा लिहायला वेळ नाही. तर भिंगरे, आबांचं चुकलं. चिठ्ठ्या आता बरोबर आहेत, त्या बाईंनीच लावल्या. आज सकाळी एक बोट बाहेर आलंय. एकच, पण हलतंय. चार दिवस थांबू नकोस, ठरल्या दिवशीच ये. मला एकट्याला त्या आकड्यांकडे बघायची भीती वाटते.