सहा चाळीसची आंघोळ

३ मार्च, सोमवार
आजपासून माझे स्नानस्वातंत्र्य संपुष्टात! बाथरूमच्या दारावर वेळापत्रक लागले आहे — पट्टीने आखलेले, रंगीत पेन्सिलींनी भरलेले. सौ. हिरवी, मी निळा, अण्णा स्वतः लाल. माझी आंघोळ सहा चाळीस ते सहा पंचावन्न. वर ‘गॅस बघणे’, ‘किल्ली’, ‘गोळी’ हे जादा तास फक्त निळ्याला. हा उघड पक्षपात! अण्णा म्हणजे माझे वडील; त्यांनी एकतीस वर्षे शाळेचे वेळापत्रक लावले. अठ्ठावीस वर्ग, चाळीस मास्तर. एकदाही दोन मास्तर एका वर्गात धडकले नाहीत. आता प्रजा तिघांची, पण थाट तोच.

४ मार्च
सहा छप्पन्नला दारावर टकटक. "अरे, तास संपला!"

६ मार्च
हसतो खरा, पण एक शंका पाठ सोडत नाही. ब्याऐंशीव्या वर्षी अण्णा घराला शाळा तर समजू लागले नाहीत? सौ. म्हणते, "अहो, काहीतरीच! ठणठणीत आहेत ते." तरी आमच्या वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी एक लेख मी मागून घेतला — डोके झिजवणारी नोकरी आणि म्हातारपणची बुद्धी. तेवढ्या निमित्ताने मेंदूच्या डॉक्टरीणबाईंना विचारता येईल.

१० मार्च
बाई म्हणाल्या, जन्मभर डोक्याला काम दिलेल्यांची बुद्धी बहुधा जास्त टिकते. बहुधा, हमी नाही. "आणि बिघडलं तरी अशी माणसं बेमालूम निभावून नेतात. घरच्यांना उशिरा कळतं."
मी वेळापत्रकाचा फोटो पुढे केला. त्यांनी निरखून पाहिला.
"कुठेच चूक नाही. यातलं निळं कोण?"
"मी!"
हसल्या नाहीत. बाईंना विनोदाचे अंग नसावे.

११ मार्च
मुलाखतीचे रेकॉर्डिंग ऐकले. एकच प्रश्न मी तीनदा विचारला आहे — तिन्ही वेळा नव्या उत्साहाने. बाईंनी तिन्ही वेळा शांतपणे उत्तर दिले आहे.

१२ मार्च
अण्णांना विचारले, वेळापत्रक कशासाठी? ते पेन्सिलीला टोक करत राहिले.
"गॅस दोनदा उघडा ठेवलास. किल्ली दारालाच. तुझ्या एकट्याचं लावलं असतं तर तुला लागलं असतं. म्हणून सगळ्यांचं लावलं."
मग म्हणाले, "आंघोळीला पाच मिनिटं वाढवून हवीत का?"

१३ मार्च
सहा चाळीसला आंघोळ केली. गॅस पाहिला. मी छप्पन्न वर्षांचा आहे. माझे म्हातारपण अण्णांना काढावे लागेल, याची भीती वाटते.