रोडगे झाल्यानंतरचा रिपोर्ट

पांढरकवडा,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. सत्यभामाताईंस,
मधुवंतीचा नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? राजूरच्या कोळशाच्या धुळीने भाऊजींचा खोकला वाढला नसावा, अशी आशा आहे. इकडे थंडी पडू लागली. तुमचा भाऊ दीनू आता वरणात कुस्करलेली पोळी खातो. ऑपरेशनमध्ये जिभेची डावी कड गेल्यामुळे बोलणं जड झालं आहे, पण मला डाफरण्यापुरतं भरपूर आहे. तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद आहे. हात मात्र जेवणानंतर आपोआप खिशाकडे जातो आणि रिकामा बाहेर येतो.

फोन सोडून पत्र लिहिते, कारण फोनवर तुम्ही रडता आणि मी घाईने धीराचं काहीतरी बोलून टाकते. नंतर डायरी लिहायला बसले की वाटतं, यातलं निम्मं तर मलाच ठाऊक नव्हतं.

सर्जन म्हणाले होते, कॅन्सरची गाठ लहान होती, पहिल्या पायरीवर सापडली, पूर्ण निघाली. म्हणून तुम्ही बोललेला नवस आपण केळापूरच्या जगदंबेला फेडला. गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजले, वांग्याची भाजी झाली, दीनूच्या जमीन मोजणी ऑफिसचे सगळे जेवून गेले. मीही तिखट हाताने सगळ्यांना वाढत होते आणि खूश होते. काढलेल्या तुकड्याचा सविस्तर रिपोर्ट आला तो त्यानंतर.

त्यात लिहिलं आहे की गाठ रुंदीला लहान असली तरी खोलवर गेली होती, आणि तिची कड चांगली नाही. सर्जन म्हणतात, रोग तिथवर गेला का ते कळायला मानेतल्या लसीकाग्रंथींच्या गाठीही काढून तपासू. दीनू म्हणतो, नाही.

‘कड चांगली नाही’ म्हणजे काय, हे मला कळेना. परवा कॉलेजमधून रजा काढून नागपूरला गेले आणि तपासणी करणाऱ्या डॉ. उर्वशींना भेटले. मी प्राणिशास्त्र शिकवते हे कळल्यावर त्यांनी मला खुर्ची दिली आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. ताई, ती दीनूची जीभ होती. गुलाबी आणि जांभळी. मधोमध गोल गोल वलयं, डॉक्टर त्यांना मोतीच म्हणतात. मग त्यांनी काच कडेकडे सरकवली. भजं तेलात सोडताना कडेला पिठाचे बारीक थेंब सुटून वेगळेच तळले जातात ना, तसे चार-चार पेशींचे पुंजके गाठीपासून सुटून पुढच्या स्नायूत शिरले होते. एका बाजूला रोगाशी लढणाऱ्या पेशींची दाट फळी होती. दुसऱ्या बाजूला ती इतकी विरळ, की मला तिथे कुणाला तरी हाक मारावीशी वाटली.

मी विचारत राहिले. पुंजके सुटतात कशाने? फळी एकीकडेच का? त्या म्हणाल्या, “याचं पूर्ण उत्तर अजून कुणाकडेच नाही. एवढं दिसतं, की अशी कड असली तर रोग मानेत आधीच शिरलेला असण्याची शक्यता वाढते. पण ती शंभर जणांकडे बघून सांगता येते. तुमच्या मिस्टरांच्या मानेत आहे का, ते मला या काचेत दिसत नाही.”

बसमध्ये मला जाणवलं की तासभर मी भीती विसरले होते. ते सगळं मला सुंदर वाटलं होतं. नवऱ्याच्या रोगाकडे असं बघणाऱ्या बाईला काय म्हणावं?

घरी येऊन दीनूला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “रोडगे झाले न माह्ये. सारं ऑफिस जेवलं. आता पुन्हा कापाले गेलो तं लोकं काय म्हणतीन? देवीनं अर्धंच काम केलं?”

मी म्हटलं, लोकांचं सोड.

“मंग देवीचं सांग. तिले खोटी पाडू काय?”

माझा नवसावर विश्वास नाही, आणि जे मी मानत नाही ते वापरून ऑपरेशन त्याच्या गळी उतरवणं मला जमत नाही. नवस तुमचा होता. तुम्ही बोललात तर तो ऐकेल. शुक्रवारपर्यंत सर्जनला कळवायचं आहे.

इथवर लिहून पत्र बंद केलं होतं. पुन्हा उघडलं, कारण खरं कारण लिहायचं टाळलं होतं. मानेत काही निघालं नाही तर? ऑपरेशनमध्ये नस दुखावून त्याचा खांदा कायमचा जड होईल, आणि तो मी करवला असं होईल. ऑपरेशन केलं नाही आणि पुढे निघालं, तर तेही माझंच. हे मला एकटीने ठरवायचं नाही. म्हणून तुम्हाला बोलावते आहे. देवीशी याचा संबंध नाही.

तुमची,
मधुवंती

---

पांढरकवडा,
२२ डिसेंबर २०२४

ती. ताई,

नमस्कार. खांद्याचा व्यायाम सुरू आहे. डावा हात डोक्यापर्यंत जात नाही. शर्ट मी चढवते आणि तो कुरकुरतो.

तुम्ही आलात त्या दिवशी चपला काढण्याआधीच त्याला जे ऐकवलंत, ते मी डायरीत जसंच्या तसं उतरवलं आहे: “काहून रे दीन्या, देवी काय तुह्या ऑफिसातली हाय, एका अर्जावर एकच काम कराले? तिनं गाठ दाखोली, तिचं तिले देल्लं. आता मानेचं डॉक्टरले पाहू दे. अन् देवी खोटी पडत असन तं माह्यावर पडू दे, नवस म्या बोल्ला होता.” तो हसला, आणि मला वाटलं, इतकं सोपं होतं? सोपं नव्हतं. तुम्ही ते स्वतःवर घेतलंत.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉ. उर्वशींनी त्यालाही काच दाखवली. बराच वेळ पाहून त्याने विचारलं, “मॅडम, याच्यात धुरा कुठं हाय?” धुरा म्हणजे शेताचा बांध, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “तोच तर नाही इथे.” वीस वर्षं लोकांच्या हद्दी मोजणारा माणूस. जिन्यात म्हणाला, “हे आधी काहून नाही दाखोलं?” मी सांगितलं होतं, दाखवलं नव्हतं. ते मला सुचलंच नाही.

काल रिपोर्ट आला. मानेतल्या एकाही गाठीत काही नाही.

मी ते मोठ्याने दोनदा वाचलं. आनंदाने, हे खरं. पण लगेच मनात आलं, मग तो खांदा कशासाठी गेला? डॉ. उर्वशींना फोन करून हेच विचारलं. त्या म्हणाल्या, “निघालं नाही, हे काढून पाहिलं म्हणून कळलं.” मला ते पटलं आणि पटलं नाही. दीनूला विचारलं, तर म्हणे, “मोजून हद्द जिथल्या तिथं निघाली, तं फी वापस मागतेत काही लोकं. तू त्याइच्यातली हायस.” आणि शर्टाच्या बाहीत हात घालण्यासाठी माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.

तपासण्या पुढची काही वर्षं चालू राहतील. आपण योग्य केलं की नुसतं जास्त केलं, हे कुठल्याच काचेत कधी दिसणार नाही. तुम्हाला फोनवर “आता सगळं संपलं” असं सांगणार होते. सांगितलं नाही.

हे न कळणं तुमच्यासोबत अर्धं अर्धं उचलणारी,
मधुवंती